आबांची निळी गाडी

पांढऱ्या गाडीचं काय विचारता राव! आमच्या आबांना, म्हणजे वडलांना, निळीच पाहिजे होती. चौदा एप्रिलला दोस्तांना घेऊन मुरुडभर फिरणार होते. लातूरचा शोरूमवाला म्हणला, "कंपनी साठा ठेवत न्हाई, भाऊ. रोज लागतील तेवढेच बंपर मागवती. निळे बंपर वाटंत अडकलेत, निळी जयंतीपर्यंत येईल का सांगता येत न्हाई. पांढरी उद्याच देतो."

आबा म्हणले, "थांबू की. जयंती दरसाल येती."

मलाच दम निघाला न्हाई. पांढरी आणली. तेरा तारखेला शोरूमचा फोन, "निळी आली हो! पण तुमी तर पांढरी नेली."

आता लातुरात कुठं निळी दिसली, की आबा मागच्या सीटवरून हळूच म्हणतात, "बघ, आपली गाडी चालली."