सोनाबाईचे गहाण देव

नाव : कमलाकर गोविंद उपासनी, वय ५१ वर्षे, धंदा : साप्ताहिकाचा वार्ताहर व संस्कृतच्या शिकवण्या (दोन्ही मिळून एक पोट भरते), रा. खांदा कॉलनी, नवीन पनवेल.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी सुनीता हिच्यासह राहतो. ती शिक्षिका आहे. गव्हाणची सोनाबाई बळीराम घरत ही आमच्या कॉलनीत मासळी विकते. मी मासळी खात नाही. तिच्या घरी येणारे सरकारी कागद तेवढे वाचून देतो.

गेल्या वर्षी नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी तिने पनवेलच्या कृष्णकांत शेटकडून आठ हजार रुपये व्याजाने घेतले. तारण म्हणून त्याने तिच्या देव्हाऱ्यातले चांदीचे टाक, म्हणजे घरचे कुलदेव, ठेवून घेतले. पावती दिली नाही. पैसे फेडले असे सोनाबाई सांगते. शेट म्हणतो, फिटले ते व्याज. तिची मुलगी गोदू हिची उद्या हळद आहे. त्याआधी देव घरात हवेत.

आज सकाळी शेटने सोनाबाईला बोलावले. कागद वाचायला म्हणून ती मला सोबत घेऊन गेली. घरावर सावकारीची पाटी नव्हती. आत फळीवर टाक मांडलेले होते. एका घराला एक खंडोबा पुरतो. तिथे इतके होते की मी मोजणे सोडून दिले. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती आणि ताजे फूल वाहिलेले होते. मी तिकडे पाहतो आहे हे बघून शेट म्हणाला, "गुरुजी, गहाणातला झाला तरी देव आहे. उपाशी ठेवत नाही मी."

मग त्याने सोनाबाईपुढे शाईचे पॅड आणि स्टँपपेपर ठेवला. कागद कोरा होता.

मी म्हणालो, "यात वाचण्यासारखे काही नाही."

"मग वाचू नका. हिला जमिनीच्या बदल्यात सरकारी प्लॉट मिळायचाय ना, तो मिळाला की मजकूर घालू."

मी सावकारीचा परवाना दाखवा म्हटले. त्यावर दाराशी बसलेल्या शेटच्या दोन इसमांपैकी एकाने दाराला आतून कडी लावली. शेटने मला विचारले, "वहिनी शाळेतून किती वाजता सुटतात?"

सोनाबाई म्हणाली, "माजे देव आदी द्या, मंग आंगठा."

"आधी अंगठा."

"मंग नाय." ती उठली आणि कडी लावणाऱ्याला म्हणाली, "काशिराम, तुजे आयशीला मी पोरपनापासून वलखते. कडी काड." त्याने शेटकडे न बघता कडी काढली. आम्ही तडक ठाण्यावर आलो. जबाबापूर्वी मला शाळेत फोन करू दिला, हे नमूद करावे.

येथे हवालदारसाहेबांनी समजावले की छापा घातल्यास टाक मुद्देमाल म्हणून जप्त होतील आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय परत मिळणार नाहीत. अंगठा दिला तर ते आजच घरी येतात, हे सोनाबाईला कोणी समजावावे लागले नाही. ती हवालदारसाहेबांना म्हणाली, "लिवा."

नंतर तिने मला विचारले, "गुरुजी, देवाच्या जागी सुपारी मांडली तर हलदीला चालंल?"

चालेल, असे मी तिला सांगितले. शास्त्र पाहून सांगितलेले नाही.

वरील मजकूर हवालदारसाहेबांनी मोठ्याने वाचला, मी ऐकला, शेजारी बसून सोनाबाईनेही ऐकला. तो माझ्या सांगण्याबरहुकूम असून खरा आहे.

पनवेल, दि. ७ डिसेंबर १९९४