जादूच्या पावडरीचं रबर

तापूनही ढिम्म राहणारं रबर बघायचं असेल, तर आमच्या पिरंगुटच्या कारखान्यात यायला हवं होतं. मी तिथं लॅब बघते. मालकांनी एका थोर सल्लागाराला बोलावलं. त्याची पावडर मिसळली की रबर म्हणे मजबूत होतं आणि उष्णतेलाही दाद देत नाही.

उष्णतेच्या चाचणीसाठी त्या रबराचे नमुने तीन दिवस ओव्हनमध्ये होते. ठेवले त्यानंच, काढलेही त्यानंच. आम्हाला कुठे ते जमणार! मी ते मशीनवर ताणले, तर ताकद तसूभरही कमी नाही. लगेच पेढे आले. इंजिनाचे होजपाइप घेणाऱ्या गिऱ्हाइकाला हे रबर चालेल असं कळवायचं ठरलं आणि मी अभिमानानं रिपोर्टवर सही ठोकली.

पेढा घ्यायला रबर मळणारे ज्ञानोबामामा आले. म्हणाले, "मॅडम, त्ये ओव्हन कवा दुरुस्त व्हणार?"

"का? काय झालंय त्याला?"

"परवा म्या डबा ठिवला हुता त्यात. भाकर गारच निघाली."

"अहो, आकडा तर शंभर दाखवतोय!"

"आकडा दावतंय की. तापत न्हाई."

मी हात घातला. आत माठासारखं गार! सगळ्यांसमोर रिपोर्ट फाडताना कान मात्र माझेच तापले.

ओव्हन दुरुस्त करून नवे नमुने ठेवले. ते बोटांत कडाकडा मोडले. सल्लागार म्हणाला, "ओव्हन जरा जास्तच तापतोय."

मालकांनी मोडलेले तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले. मग मला म्हणाले, "यांना गेटपर्यंत सोडा. आणि ज्ञानोबांना विचारा, इथं अजून काय काय बंद आहे."