एकदा की दोनदा

दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट बघणाऱ्या एका बाईच्या शेजारी साबण बनवणारं जोडपं बसलं होतं.

“उद्या दुकानदार माल बघायला येणार, आणि या तापापासून मला वासच येत नाही.”

“मी मागे उभी राहीन. वडी चांगली असली की एकदा खोकेन, बिघडलेली असली की दोनदा.”

“त्याला वाटेल, बाईला क्षय झालाय.”

“वाटू दे. कारखाना जळाला, तरी पुन्हा उभा केलाच ना आपण?”

“तेव्हा धुराचा वास तरी आला होता गं मला.”

नवऱ्याला आत बोलावलं. दार लागताच बायकोने पिशवीतून साबणाची वडी काढली.

“ताई, जरा हुंगून सांगता? त्यांना बोलले नाही, पण कालपासून मलाही काही कळत नाहीये.”

त्या बाईने वडी हुंगली. मग बंद दाराकडे बघत ती एकदाच खोकली.