सूर्याच्या आधी काहीतरी आहे

मॅडम: या कानाच्या दवाखान्यात आलात त्या पहिल्याच दिवशी मी बजावलं होतं तुम्हाला, समोर बसून शिकवू नका. मुलगी कानांनी कमी आणि तुमच्या ओठांवरूनच जास्त ऐकते.

आई: हो, आणि मी ते हसण्यावारी नेलं. म्हटलं, पोटची पोर आहे, मला कळणार नाही का? घरी सगळं घडाघडा म्हणून दाखवायची हो! मग शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, सूर्याआधी 'द', चंद्राआधी 'द', पृथ्वीआधी 'द', घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं वर्गात. ही नेमकं तेवढंच खाऊन टाकते. निष्काळजी आहे.

मॅडम: निष्काळजी कसली? तो 'द' बोलणारेच अर्धा गिळतात. ओठ हलत नाहीत, आवाज चढत नाही. जे कानात शिरलंच नाही ते तोंडातून येणार कुठून?

आई: डोळ्याला डोळा लागला नाही माझा रात्री. कानाच्या या नव्या मशीननंही भागलं नाही तर...

मॅडम: तर ऑपरेशनचं बोलू. पण बाळंतपणाआधीच बारसं कशाला? काय बिट्टी बाईसाहेब, मशीन कानाला टोचत नाही ना?

बिट्टी: नाही. पंखा बोलतोय.

मॅडम: बोलू दे त्याला, गरीब आहे बिचारा. ही बघ, कापड ताणलेली चौकट. ही मी तोंडापुढे धरणार. जसं ऐकू येईल तसंच म्हणायचं. अंदाजपंचे नाही.

बिट्टी: पण तुमचं तोंड दिसत नाही.

मॅडम: तीच तर गंमत आहे. आई, तुम्ही तिच्या मागे बसा. ती बोलायच्या आधी तुमचेच ओठ हलतात, मघाशी पाहिलं मी.

आई: हा घ्या, तोंडावर हातच ठेवला.

मॅडम: द सन इज हॉट.

बिट्टी: सन इज हॉट.

आई: गेलं. मॅडम, गेलं ना ते?

मॅडम: हात तोंडावर, आई! बारीक आवाज जरा वाढवते मशीनमधले. हं, पुन्हा. द सन इज हॉट.

बिट्टी: (बराच वेळ चौकटीकडे बघत) सनच्या आधी काहीतरी आहे.

मॅडम: काय आहे?

बिट्टी: एवढंसं. कुणीतरी दाराआडून डोकावल्यासारखं. द... द सन.

आई: पाठ केलं असेल हो तिनं! बाईंनी घोकून घेतलंय, सूर्य, चंद्र, पृथ्वी. मला खोटा आनंद नको, मॅडम. तो फार महागात पडतो.

मॅडम: आईचं काळीज! बरं, फसवूनच बघू. मार्स इज रेड.

बिट्टी: मार्स इज रेड. याला नाही.

मॅडम: द मून इज ब्राइट.

बिट्टी: द मून इज ब्राइट. याला आहे.

मॅडम: आता कान टवकार हं. युरोपा इज अ मून.

बिट्टी: युलोपा इज... अ मून. ए, मघाशी मूनला 'द' होतं! आता वेगळंच आहे. अ.

मॅडम: आई, हे शिकवलं होतं बाईंनी?

आई: नाही. मूनला 'द', एवढंच. युरोपाचं तर नावही तिच्या कानावर पडलेलं नाही.

बिट्टी: आई, तू रडतेस?

आई: मागे न बघता तुला कसं कळलं गं?

बिट्टी: नाकाचा आवाज आला. पण मार्सला का नाही?

आई: मार्स हे त्याचं नाव ना? नावानं हाक मारली की झालं. आणि युरोपा फिरतो गुरूभोवती. गुरूच्या अंगणात ढीगभर चंद्र, त्यातला तो एक. आपल्या डोक्यावर मात्र एकच. कुठल्याही गावात, कुणीही मान वर करून चंद्र म्हटलं की तोच. कुठला, असं कुणी विचारत नाही. तो 'द' म्हणजे बोट दाखवल्यासारखं आहे. तो बघ, आपला.

बिट्टी: ते आधीपासून होतं?

आई: काय?

बिट्टी: ते 'द'. मला ऐकू येत नव्हतं तेव्हा पण?

आई: होतं, राणी.

बिट्टी: आणि सगळ्यांना ऐकू यायचं?

आई: यायचं. पण लक्ष कुणाचं होतं?

बिट्टी: केवढा मोठा सूर्य, आणि त्याच्यापुढे केवढंसं ते!

मॅडम: माझं आयुष्य गेलं या चौकटीमागे बोलण्यात, पण हे नव्हतं सांगितलं कुणी. आई, ऑपरेशन डोक्यातून काढून टाका सध्या. मशीन पुरतंय तिला.

आई: पुन्हा एकदा म्हणाल?

मॅडम: पुरतंय. अगदी छान पुरतंय.

बिट्टी: आई गं! काय होतं ते?

मॅडम: बाहेरचं दार आपटलं वाऱ्यानं. घाबरलीस?

बिट्टी: परत आपटा ना!

मॅडम: घ्या, आता घरातली दारं सांभाळा. आई? अहो, काचेतून काय बघताय एवढं?

आई: ती बाहेरच्या बाकावरची बाई. सासऱ्यांचं मशीन दुरुस्तीला घेऊन आलीये, म्हणाली मघाशी. मांडीवर बाळ आहे तिच्या. कौतुकानं सांगत होती, फार शहाणं आहे, कशानं म्हणून दचकत नाही.

मॅडम: बरं, मग?

आई: टक्क जागं आहे ते, मॅडम. पायाचा अंगठा धरून खेळतंय. दार त्याच्या कानाशी आपटलं आणि पापणीसुद्धा हलली नाही. मी तिला काही बोलले नाही. तुम्ही एकदा बघता का त्याला?