बी राखलेला डोह

मनसाराम : ...तर रेल्वेवाल्यांनी नाही म्हटलं नाही, लटारूभाऊ. हे आधी ध्यानात घ्या.

लटारू : हो बी नाई म्हटलं.

मनसाराम : हो पण नाही.

शकुबाई : पानी घ्या, भाऊ. चांद्याहून पायी आले काय?

मनसाराम : अर्ध्या वाटेवर गाडी भेटली, वयनी.

लटारू : पंचायतीचा कारकून हायेस, सरळ सांग. रुळाखालून मोरी टाकून देतेत का नाई?

मनसाराम : रेल्वे म्हणते, भराव फोडून मोरी टाकायला आमची ना नाही. पण नाला अन् तलाव राज्याचा. नाल्याला पाणी किती येते, मोरी केवढी पाहिजे, हे राज्यानं लिहून द्यावं.

लटारू : ते तर नागपूरनं लिहून देल्लं. दसऱ्याले तूच वाचून दाखवलं मले.

मनसाराम : दिलं होतं, तेव्हा राजधानी नागपूर होती. पण ऐन दिवाळीत आपला जिल्हा त्या राज्यातून निघाला. आता आपलं राज्य मुंबईचं. रेल्वे म्हणते, मुंबईचं पत्र आणा.

शकुबाई : आमी तर कुठी हाललो नाई.

मनसाराम : तुम्ही नाही, वयनी. राज्य हाललं.

लटारू : म्हनजे तलाव मुंबईचा. अन् रूळ?

मनसाराम : दिल्लीचे. ते होते तसेच आहेत.

लटारू : भरावाच्या पल्याड पानी अडून राह्यते, ते कोनाचं?

मनसाराम : तेही राज्याचंच.

लटारू : अन् त्याले अडवून धरते ती माती?

मनसाराम : दिल्लीची.

शकुबाई : माह्या डोक्यावरच्या टोपल्यानं गेली ती. तवा कोनी सांगितलं नाई, दिल्लीची होनार म्हनून.

मनसाराम : आपल्याच गावानं टाकली, वयनी. मजुरी भेटत होती.

शकुबाई : पन असं वाटून काऊन देल्लं, भाऊ? एकच सरकार असतं तर एकाच दारात उभं राह्यलो असतो.

मनसाराम : घटना लिहिणाऱ्यांनी विचार करूनच वाटलं. रेल्वे, टपाल, फौज दिल्लीला. पाणी, मासे, जंगल राज्याला. सारं एकाच्या मुठीत नको म्हणून. गाव मालगुजाराच्या मालकीचं होतं, तेव्हा त्याच्या मुठीत सारंच होतं. आठवते का?

शकुबाई : माह्या सासऱ्याले त्यानं मोहाच्या झाडाले बांधलं होतं. सनाचा मासा वाड्यावर उशिरा पोचला म्हनून.

लटारू : पन नाला बुजला का मालगुजार त्याच दिसी उकरून घे.

मनसाराम : तुमच्याच हातानं. फुकट.

लटारू : फुकट. हो.

(लटारू जाळ्याची तुटलेली गाठ चिमटीत धरून बसला आहे. बांधत नाही.)

मनसाराम : मी मुंबईला अर्ज लिहितो, भाऊ. पावसाळ्यापर्यंत काहीतरी होईल.

लटारू : डोहात पानी किती हाये, ठाव हाये तुले?

मनसाराम : कोणता डोह?

शकुबाई : बी राखलेला. तुमाले कसा ठाव असंल, तुमी ढिवराचे नाई. तलाव उतरला का मधातल्या खोल पान्याभवती आमी बोरीचे काटे टाकतो. गाभन मासे आत राह्यतेत. काट्याच्या आत कोनी जाळं टाकत नाई. घरी बाळंतीन उपाशी असो, तरी नाई. नवं पानी आलं का तेच मासे तलाव भरून देतेत.

मनसाराम : मग ते तर आहेत अजून.

लटारू : आभाळातून पडते तेवढंच पानी. नाल्याचं येतच नाई. मांगच्या साली डोह कमरेएवढा राह्यला. औंदा गुडघ्याच्या खाली. चैत लागला का चिखल.

मनसाराम : दुसऱ्या तलावात नेऊन सोडा.

लटारू : रुळाच्या अल्याडचे सारे आटले. पल्याडचा दुसऱ्या गावच्या ढिवराइचा. तेथी सोडले का त्याइचे झाले.

मनसाराम : पत्र येईपर्यंत थांबून पाहा ना.

लटारू : ते माश्याइले सांग.

मनसाराम : रागावू नका, भाऊ.

लटारू : राग नाई आला. येतच नाई आता.

मनसाराम : तुमचा मुलगा खुशाल कुठं दिसला नाही, वयनी.

शकुबाई : घुग्घुसच्या कोळशाच्या खदानीत लागला. सून बी गेली संक्रांतीनंतर. आमाले बलावते.

मनसाराम : जाता का मग?

शकुबाई : काट्यात मासे हायेत तोवर कसं जाऊ म्हनून राह्यलो.

लटारू : काटे काढून टाकू.

शकुबाई : कवा?

लटारू : उद्या. ढिवराच्या साऱ्या घराइले बलाव. सारखे वाटे घाल.

मनसाराम : भाऊ, गाभण आहेत म्हणता.

लटारू : चिखलात मेले का कावळे खातीन.

शकुबाई : मोठं जाळं काढू का?

लटारू : नको. हातानंच भेटतीन.