आजींची हाडं आणि चिंबोऱ्या

अगं, हाडांची घनता मोजायला येणारे लोक बहुतेक घाबरलेले असतात. पण परवा पनवेलला आमच्या एक्स-रे विभागात उरणकडच्या एक आजी आल्या, त्या चिडलेल्या होत्या. सत्तरी उलटली तरी रोज खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला जायच्या. त्यांना घेऊन आलेला मुलगा बिल्डर. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “ताई, हाडं ठिसूळ निघू देत. डॉक्टरांनी सांगितलं तरच आई घरी बसेल.”

मशीनवर निजवलं तशी आजींनी माझा हात धरला. “बाय, खाडी सुटली तं मी करू काय दिवसभर?”

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा पाहिला आणि हसले. “आजी, हाडं मजबूत आहेत. खुशाल जा. फक्त एकट्या जाऊ नका, चिखलात पाय घसरतो.”

आजी टुणकन उठल्या आणि मुलाकडे वळल्या. “आयकलंस ना? उद्या ओहोटीला तू चल माज्यासंगं!”

गेल्या कित्येक वर्षांत गाडीतून उतरून चिखलात पाय न ठेवलेला तो माणूस माझ्यापुढे आला. म्हणाला, “ताई, माझीपण हाडं मोजून टाका.”