मिलिटरीचं ब्लँकेट

— छे हो, मेजरसाहेब, लाथ नाही मारत तो, गुच्छ जरा वर धरा फक्त. हाच तो, पेपरात फोटो आला होता ना, हाच. सत्कार करा की, पण मिरवणुकीला नका नेऊ, गुडघे गेलेत त्याचे — इथे सगळ्यांचेच गेलेत, म्हातारी गाढवं सांभाळते मी, शर्यतीचे घोडे नव्हेत. आणि लढाई लागल्यापासून त्यांना विचारतंय कोण? भूकंप झाला तेव्हाही असंच झालं होतं, पण तेव्हा निदान चार-दोन महिन्यांत लोक वळले माघारी. आता नाव नाही. औषधाच्या दुकानातल्या काकू नेमाने चाऱ्याचे पैसे द्यायच्या, त्याही म्हणाल्या, ताई, यंदा सगळं जवानांना. आता काय बोलणार? जवानांचं राहू द्या, गाढवांचं बघा, असं म्हणू? अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात — इथे अडलंय ते गाढवच, मी कोणाचे पाय धरू?

मग काय, मग काही नाही. थंडी पडली म्हणून जुन्या बाजारातून मिलिटरीचं ब्लँकेट आणलं, याच्या पाठीवर टाकलं. एक बाई फोटो काढायला आल्या, म्हणाल्या, अय्या, हा लढाईत होता का? मी खोटं नाही बोलले हं — मी फक्त खोकले. दुसऱ्या दिवसापासून पैसेच पैसे! आंधळा मागतो एक डोळा — याला खरंच एकच आहे म्हणा, दुसरा त्या वीटभट्टीवाल्याच्या चाबकानं —

तोफेनं. तोफेनं म्हणायचं होतं मला.

असं बघू नका हो. बरं, आहे भट्टीवरचा. जन्मभर विटा वाहिल्या, कधी पळून नाही गेला — तुमच्या छावणीच्या भिंतीतही असतील त्याच्या चार विटा, कोणी सांगावं. पण विटांवर कोण चारा देतं? लाज? वाटते ना, का नाही वाटणार. सकाळी सगळी मिळून ओरडायला लागली की पळते.

आणलेला चेक परत खिशात ठेवताय? ठेवा, तुमचं बरोबर आहे. जाताना फाटक तेवढं ओढून घ्या. काय? गुच्छ? तो नाही हो देता येणार. तुम्ही माझ्याकडे डोळे वटारून बघत होतात ना, तेवढ्यात खाल्ला त्यानं. फीत राहिलीय, ती न्या हवी तर.

भूक लागली होती त्याला, साहेब. या आता.